न्यायालयाचा हुकूम आणि सरकारचे वर्तन

गतवर्षीच्या वार्षिक साधारण सभेत वसतिगृहामागील जागेचा विषय निघाला असता, मागील रांगेतील एका वयोवृद्ध सभासदांनी उभे राहून मला विचारले, "गुरुजी, आपण कोर्टात जिंकलो म्हणता, मग जागा अजून आपल्या ताब्यात का नाही? आणि सरकारी कचेरीने कोर्टाचा हुकूम मानलाच नाही, तर कोर्ट तिचे काय करते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी कसेबसे दिले. दुसऱ्याला मात्र "वकीलसाहेबांना विचारून कळवितो" असे म्हणून खाली बसलो. चौतीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. लढायांच्या सनावळ्या आजही मुखोद्गत आहेत. परंतु राज्यकर्त्याने न्यायासनापुढे मान केव्हा व कशी तुकविली, याचा इतिहास मला ठाऊक नव्हता, याची त्या दिवशी लाज वाटली. त्यानंतरच्या काळात जे वाचले व जाणत्यांना विचारून समजून घेतले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. मी कायद्याचा पदवीधर नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले. तंटा सुटेपर्यंत वतन अमानत ठेवीत, साक्षीपुरावा होई, प्रसंगी दिव्यही होई, आणि निवाडा झाला म्हणजे जिंकणारास निवाडपत्र मिळे. परंतु मला विशेष वाटले ते येजितखताचे. हरलेल्या पक्षाकडून असा लेख लिहून घेत की, आपला दावा खोटा ठरला, आता पुन्हा या वतनाशी आपला संबंध नाही. म्हणजे हुकूम मिळविणे हे अर्धेच काम असून, हरणाराकडून तो कबूल करवून घेणे हे दुसरे अर्धे काम होय, हे त्या लोकांना पुरते कळले होते. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. सरकारचा लाभ दोहींकडून! तथापि हरणारा पक्ष स्वतः सरकारच असेल तर येजितखत कोणी लिहावे, या प्रश्नास त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावाच्या वधाबद्दल राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु प्रायश्चित्त सांगून झाल्यावर शास्त्रीबोवांना पुणे सोडून जावे लागले, हाही त्याच कथेचा भाग आहे.

सरकार आणि न्यायालय यांची या देशातील पहिली मोठी झुंज बंगाल्यात झाली. साल १७७९. त्याच वर्षाच्या जानेवारीत वडगावास महादजी शिंद्यांनी इंग्रजांस तह करावयास लाविले होते, आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज हा तो तह आपणांस मान्य नाही म्हणून झिडकारून बसला होता. याच हेस्टिंग्जच्या दारात त्या वर्षाच्या अखेरीस दुसरे संकट उभे राहिले, तेही घरच्याच माणसांकडून.

१७७३ च्या नियामक कायद्यान्वये कलकत्त्यास सुप्रीम कोर्ट स्थापन झाले होते. सर एलिजा इंपे हा मुख्य न्यायाधीश, हेस्टिंग्जचा शाळासोबती. हे न्यायाधीश इंग्लंडच्या राजाने नेमलेले, तर गव्हर्नर जनरल व त्याचे कौन्सिल कंपनीचा कारभार पाहणारे. दोघांपैकी थोर कोण, हे कायद्यात धडपणे लिहिलेलेच नव्हते. मिदनापूरकडील काशीजोडा येथील जमीनदार राजा सुंदरनारायण याने कलकत्त्याच्या काशीनाथबाबू नावाच्या सावकाराचे मोठे कर्ज काढले होते. महसूल खात्याकडे खेटे घालूनही वसुली होईना, तेव्हा काशीनाथबाबूने ऑगस्ट १७७९ मध्ये सुप्रीम कोर्टात राजावर फिर्याद लाविली. कोर्टाने राजास धरून आणण्याचा हुकूम सोडला. राजा लपून राहिला. इकडे कौन्सिलने आपल्या ॲडव्होकेट जनरलचा सल्ला घेऊन जमीनदारांस कळविले की, तुम्ही कंपनीचे नोकर नसाल व आपखुशीने त्या कोर्टाची सत्ता पत्करली नसेल, तर त्याचे हुकूम मानण्याचे तुम्हांस कारण नाही. एका सरकारच्या न्यायालयाचा हुकूम मोडा, असे त्याच सरकारने प्रजेस लिहून कळवावे, असा हा विलक्षण प्रकार होता.

राजाच्या माणसांनी मग कोर्टाच्या बेलिफास हुसकून लाविले. यावर कोर्टाने राजाची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम काढला आणि शेरीफाने साठसत्तर हत्यारबंद माणसे काशीजोड्यास पाठविली. त्यांनी तेथे जे केले ते न्यायालयाच्या नावास शोभणारे नव्हते. वाड्यात शिरून जनानखान्याची मर्यादा मोडली, देवघरात जाऊन पूजेच्या मूर्तीस हात लाविला, अशी तक्रार राजाने केली. मूळ प्रश्न कर्जफेडीचा आणि देव बांधून नेले जातात! तिकडून कौन्सिलच्या आज्ञेवरून मिदनापूरची फौज निघाली, तिने शेरीफाच्या सर्व टोळीस वाटेत गाठून कैद केले व कलकत्त्यास रवाना केले. राजाच्या न्यायालयाचे शिपाई कंपनीच्या शिपायांच्या पहाऱ्यात चालले आहेत, हे दृश्य डिसेंबर १७७९ मध्ये बंगालच्या रयतेने पाहिले. त्या रयतेचा सारा या दोघांपैकी कोणीही माफ केला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

कोर्टाचा क्रोध अनावर झाला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सैन्यातील अधिकाऱ्यांवर हुकूम निघाले. परंतु फौजेतील माणसास फौजेतून काढून आणणार कोण? तेव्हा कोर्टाचा हात जो पोहोचला तो नॉर्थ नेलर या कंपनीच्या ॲटर्नीपर्यंत. कौन्सिलच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या या वकिलास कलकत्त्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ज्यांनी आज्ञा दिली ते कौन्सिलच्या मेजाशी बसले होते आणि ज्याने कागद पुढे सरकविला तो गजाआड गेला. सरकारी कचेऱ्यांतून ज्यांनी नोकरी केली आहे त्या आपल्या अनेक सभासदांना या प्रसंगाचे मर्म माझ्याहून अधिक कळेल.

काशीनाथबाबूनेही सोडले नाही. त्याने प्रत्यक्ष गव्हर्नर जनरल व कौन्सिलर यांच्यावर व्यक्तिशः फिर्यादी ठोकल्या. मंडळींनी प्रथम हजेरी दिली, पण सरकार म्हणून केलेल्या कृत्याबद्दल आपणांस जाब विचारला जात आहे हे दिसताच पुढे कोर्टास जुमानण्याचे साफ नाकारले. आणि मग मार्च १७८० मध्ये काशीनाथबाबूने एकाएकी सर्व फिर्यादी काढून घेतल्या. त्याच साली हेस्टिंग्जने इंपेस कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे प्रमुखपद देऊ केले व त्याने ते पत्करले. पुढच्या वर्षी, १७८१ मध्ये, पार्लमेंटने नवा कायदा करून ठरविले की, गव्हर्नर जनरल व कौन्सिल यांनी अधिकाराच्या नात्याने केलेल्या कृत्यांवर सुप्रीम कोर्टाची सत्ता चालणार नाही, महसुलाच्या बाबींत ते हात घालणार नाही, आणि केवळ जमीनदार आहे म्हणून कोणी त्याच्या कक्षेत येणार नाही. न्यायालयाने मर्यादा ओलांडली आणि त्यामुळे आपल्याच हाताने आपले कुंपण आखडून घेतले, असे माझे मत आहे. हेस्टिंग्जची बाजू कायद्याने बरीचशी खरी असेलही. पण हुकूम चुकीचा वाटला तर तो रद्द करून घेण्याचा मार्ग सोडून पलटण पाठविणे, हे खऱ्या बाजूसही शोभत नाही.

असाच खेळ पन्नास वर्षांनी आपल्या मुंबईत झाला. तो मालमत्तेचा नव्हता, एका मुलाच्या ताब्याचा होता, म्हणून थोडक्यात सांगतो. पुण्यातील पांडुरंग रामचंद्र नावाच्या बड्या गृहस्थांकडे असलेल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास हजर करावे, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये काढला. गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारे तेच हे माल्कम. दक्षिणेतील सरदारमंडळींना दिलेली वचने या हुकुमाने मोडतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी न्यायाधीशांनाच पत्र लिहून कळविले की, मुंबई बेटाबाहेर असे हुकूम बजावू दिले जाणार नाहीत. त्याच सुमारास दोन न्यायाधीश एकामागून एक निवर्तले आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. हुकुमाची तामिली होत नाही असे पाहून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयच बंद केले! विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने निर्णय सरकारच्या बाजूने दिला. तेथील मंत्री लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला खाजगी पत्रात लिहिले की, आता ग्रँट हा दोन माणसाळलेल्या हत्तींमधील रानहत्तीसारखा राहील. म्हणजे दोन नवे न्यायाधीश सरकारच्या मर्जीतले धाडतो आहोत. हे पत्र पुढे वर्तमानपत्रांत छापले गेले आणि मोठी नाचक्की झाली.

१८६१ च्या कायद्याने हायकोर्टे आली, अवमानाचा पहिला स्वतंत्र कायदा १९२६ मध्ये झाला. त्या काळाविषयी येथे अधिक लिहीत नाही. परक्या सरकारचे न्यायालय परक्या सरकारास कितपत बांधणार, हा प्रश्न तोवर अधांतरीच राहिला. खरा निकाल लागला तो स्वराज्यात, आणि तोही एका स्त्रीच्या दाव्यात.

बिहारमधील संथाळ परगण्यात हंडवा नावाची जमीनदारी होती. तिच्या मालकीण राणी सोनाबती कुमारी. बिहार सरकारने जमीनदाऱ्या खालसा करण्यासाठी १९५० मध्ये कायदा केला, तेव्हा हा कायदा घटनाबाह्य आहे म्हणून राणीसाहेबांनी सरकारवर दिवाणी दावा लाविला आणि सरकारविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. पुढे पाटणा हायकोर्टाने तो कायदा रद्द ठरविला, मग घटनेत पहिली दुरुस्ती झाली, आणि मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला. सरकारला वाटले, आता अडथळा उरला नाही. त्याच महिन्यात जाहीरनामा निघाला की, हंडव्याची जमीनदारी सरकारजमा झाली. कायदा सरकारच्या बाजूने होता, सर्वोच्च न्यायालय सरकारच्या बाजूने होते. एकच गोष्ट राहून गेली होती. खालच्या न्यायालयाचा मनाई हुकूम कोणी रद्द करून घेतलेला नव्हता.

राणीसाहेबांनी त्याच न्यायालयात अर्ज केला की, सरकारने हुकूम मोडला आहे. दुय्यम न्यायाधीशाने तो मान्य केला आणि बिहार राज्याची पाच हजार रुपये किमतीची मालमत्ता जप्त करण्याची आज्ञा केली. सरकार हायकोर्टात गेले, हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारतर्फे सांगण्यात आले की, दिवाणी कायद्यातील ही शिक्षा राज्याला लागूच पडत नाही, कारण राज्याला काही कोणी तुरुंगात घालू शकत नाही. शिवाय, जाहीरनामा आम्ही कायद्याने दिलेल्या अधिकारात काढला. सप्टेंबर १९६० मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी निकाल दिला. राज्याला तुरुंगात घालता येत नसेल, पण त्याची मालमत्ता तर जप्त करता येते. हुकूम संदिग्ध असता तर गोष्ट निराळी. येथे तो तसा नव्हता. आणि जो हुकूम न्यायालयाने काढला आहे तो रद्द होईपर्यंत राज्यालाही इतर पक्षकारांप्रमाणेच पाळावा लागेल. सरकारचे अपील फेटाळले गेले.

या निकालाने राणीसाहेबांची जमीनदारी वाचली असे कोणी समजू नये. जमीनदारी पद्धत जावयाची होती व ती गेलीच. ती गेली याबद्दल खेद करणाराही मी नव्हे. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. काशीजोड्यास सरकार बरोबर होते म्हणून त्याने हुकूम मोडला आणि ते सुटले. हंडव्यासही सरकार बरोबर होते, तरी हुकूम मोडला म्हणून ते अडकले. १७७९ मध्ये शेरीफाच्या हत्यारबंद माणसांना जे जमले नाही ते १९६० मध्ये पाच हजार रुपयांच्या जप्तीने जमले. ज्या विलायतेकडून आपण हे कायदे घेतले तेथेसुद्धा मंत्र्याला अधिकाराच्या नात्याने न्यायालयाच्या अवमानाचा दोषी धरता येते, असे तेथील सर्वोच्च पीठाने १९९३ मध्ये सांगितले. आपण तेहतीस वर्षे पुढे होतो!

तथापि पुस्तकातला निकाल आणि कचेरीतला कारकून यांच्यातील अंतर मोठे असते. पुण्याजवळील पाषाण येथील एका कुटुंबाची २४ एकर ३८ गुंठे जमीन सरकारने १९६३ मध्ये घेतली आणि संरक्षण खात्याच्या संस्थेस दिली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जिंकले. जमीन परत देता येत नाही म्हणून बदली जमीन दिली, तर ती वनखात्याची निघाली! ऑगस्ट २०२४ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा आले तेव्हा राज्य सरकारने सदतीस कोटींच्या घरात भरपाई देऊ केली. न्यायमूर्ती इतके संतापले की, मोबदला योग्य दिला नाही तर लाडकी बहीण योजनाच थांबविण्याचा हुकूम काढू, असे त्यांनी खुल्या न्यायालयात सुनावले. प्रतिज्ञापत्रातील भाषेबद्दल एका वरिष्ठ सचिवांना अवमानाची नोटीसही गेली. त्यानंतर दुसरी जमीन देण्याच्या हालचाली झाल्या. १९६३ आणि २०२४ या दोन सालांची वजाबाकी वाचकांनीच करावी.

आता आपल्या जागेविषयी. प्रकरण न्यायालयात असल्याने मी त्या कचेरीचे नाव घेत नाही. वसतिगृहामागील नऊ गुंठे जागा रस्त्यासाठी म्हणून कुंपण घालून ताब्यात घेतली गेली. रस्ता झाला नाही, मोबदला मिळाला नाही. जून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हुकूम केला की, मोजणी करून तीन महिन्यांत ताबा संस्थेस द्यावा. हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन मी स्वतः गेलो. आवक कारकुनाने नकलेवर शिक्का मारून पोच दिली. पुढच्या खेपेस साहेब दौऱ्यावर, त्या पुढच्या खेपेस मोजणीदार रजेवर. नंतर नवे साहेब आले. ते फार सौजन्याने बोलले, चहा दिला आणि "गुरुजी, तुमचे काम या महिन्यात करून टाकू" असे म्हणाले. तसे पत्रही त्यांनी दिले. मी ते पत्र कार्यकारी मंडळापुढे अभिमानाने वाचून दाखविले.

येथे माझी चूक झाली, ती ज्ञातिबांधवांपुढे कबूल करणे मला भाग आहे. १९७१ च्या अवमान कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कार्यवाही सुरू व्हावी लागते. आपली तीन महिन्यांची मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. म्हणजे सप्टेंबर २०२३ पूर्वी अर्ज व्हावयास हवा होता. सरकारशी वैर कशाला, पत्र दिले आहे तर होईल काम, असा विचार करीत मी थांबलो, आणि वकीलसाहेबांकडे गेलो तो जानेवारी २०२४ मध्ये. त्यांनी कागद पाहिले, तारखा एका चिठ्ठीवर मांडल्या आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. काही बोलले नाहीत. पालन न होणे हा चालू राहणारा अपराध आहे असा युक्तिवाद करता येतो, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे, असे त्यांनी नंतर सांगितले.

त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या इतर सभासदांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो. अवमान म्हणजे दरखास्त नव्हे. दरखास्तीने हुकुमातली वस्तू आपल्या पदरात पडते. अवमानाच्या अर्जात प्रश्न असतो तो, हुकूम जाणूनबुजून मोडला की नाही एवढाच, आणि मूळ हुकुमात जे नाही ते न्यायालय त्या अर्जावर देऊ शकत नाही. म्हणून हुकूम मिळतानाच त्यात मुदत, क्षेत्र, कोणत्या अधिकाऱ्याने काय करावयाचे हे स्पष्ट लिहून घ्यावे. दुसरे असे की, शिक्षा फार झाली तर सहा महिने कैद व दोन हजार रुपये दंड. परंतु ती कचेरीला होत नाही, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला होते. म्हणून अर्जात त्याचे नाव लागते. त्या चहा देणाऱ्या साहेबांचे नाव घालावयाचे झाले असते तर माझा हात थांबला असता, हे मी लपवीत नाही. नॉर्थ नेलरची हकिकत मी तेव्हा वाचलेली नव्हती, तरी मनात तेच होते.

आता त्याच हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयात नवा अर्ज दाखल केला आहे. त्यात जागेची मूळ मालकी पुन्हा दाखवावी लागणार आहे. १९६१ साली आपल्या बारा कुटुंबांनी वर्गणी करून ही जागा संस्थेसाठी खरेदी केली. त्यांपैकी सात कुटुंबांकडील पावत्या मिळाल्या आहेत. उरलेल्या पाच घरांतील मंडळींनी आजोबांच्या पेट्या, जुन्या वह्या, देवघरातील फडताळे एकदा उघडून पाहावीत. गतवर्षी मला प्रश्न विचारणारे ते वृद्ध सभासद गेल्या पौषात वारले; त्यांच्या वडिलांची १२५ रुपयांची पावती त्यांच्या सूनबाईंनी तेराव्यानंतर आठवणीने आणून दिली. ती फाईलमध्ये पहिल्या पानावर लाविली आहे. कागद मूळच हवा. मी घरी येऊन समक्ष घेऊन जाईन व सही करून पोच देईन.